परक्या गाडीतली दुपार

मित्रांनो, एका पांढऱ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे राहणारी मी एक जुनी डबी. कागदोपत्री माझे नाव कम्युनिकेशन कंट्रोल मॉड्यूल. पण गॅरेजात एवढे बोलायला सवड कोणाला? इंजिनाचे गाऱ्हाणे, दारांची कुजबुज, ब्रेकचा होकार, सारे निरोप मी पोचवत असे. गाडी एका नर्सबाईंची. त्या आजाऱ्यांच्या घरी जात आणि मी अंधारात निरोपांचा तो मंद ओघ स्वप्नासारखा ऐकत राही. माझे कौतुक कधी झाले नाही. जे बिघडत नाही, ते लोकांना दिसत नाही.

पुढे निरोप वाटेतच विरू लागले. गाडी अधूनमधून बंद पडे. मेकॅनिकने मला उपसून काढले आणि त्याच्या स्वतःच्या तशाच गाडीतली डबी माझ्या जागी दाबून बसवली. गाडी तत्काळ सुरू झाली.

"सापडला चोर! ही गेली भंगारात," म्हणत त्याने मला भंगाराच्या पिंपात टाकले.

न्यायदानाचा हा वेग थक्क करणारा होता.

गॅरेज त्याच्या थोरल्या बहिणीचे. तिने पाना खाली ठेवला.

"ही तुझ्या गाडीत लावून पाहिलीस?"

"कशाला, ताई? झालं ना काम!"

"आणि उद्या बाईंची गाडी पेशंटच्या वाटेवर बंद पडली, तर ढकलायला तू जाणार का, शहाण्या?"

तो पुटपुटत उठला. मी परक्या गाडीत जागी झाले. अनोळखी दारे, जरा घोगरे इंजिन, कोणाच्या तरी आसनाची ऊब. जणू दुसऱ्याचेच स्वप्न मला पडत होते. तरीही एकूण एक निरोप पोचला.

"अरेच्चा! ही तर ठणठणीत आहे."

मग ताईने बाईंच्या गाडीतली ती दुसरी डबी काढली आणि माझ्या रिकाम्या जागेत डोके घातले. प्लगमधली एक पिन सैल होती. दुसरी डबी दाबून बसवताना ती तात्पुरती टेकली होती, एवढेच. पिन नीट झाली आणि मी घरी परतले.

"नवी टाकली का हो?" नर्सबाईंनी विचारले.

"नाही बाई, जुनीच आहे," मेकॅनिक खाली पाहून म्हणाला. "तिचा काही दोष नव्हता."

मित्रांनो, एखाद्याला हटवल्यावर बरे वाटले, म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. काढलेल्याला एकदा दुसरीकडे बोलू द्या. त्या दुपारी भंगाराच्या पिंपात मला माझ्यासारख्या पुष्कळ डब्या दिसल्या. त्यांतल्या किती निर्दोष होत्या, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.