मुरमाखाली गेलेली काळी

सातपूरच्या कंपनीत मशीनवर अर्ध्या सुताचीही चूक न करणाऱ्या हर्षलने सिन्नरजवळच्या आपल्या वावरात चांगली पाऊण एकराची चूक करून ठेवली होती. उताराचं वावर सपाट करायला त्याने जेसीबी लावला आणि स्वतः पहिल्या पाळीला निघून गेला. आधी वरची काळी माती खरवडून बांधाशी ढीग लावायचा, मग मुरूम सपाट करायचा आणि त्यावर काळी परत पसरायची, हे ड्रायव्हरला सांगायचंच राहिलं. संध्याकाळी येऊन बघतो तर काळी उताराच्या अंगाला खाली गाडलेली आणि वर सगळा मुरूम. सपाट मात्र असं, की कॅरम खेळावा!

त्या वर्षी बाजरी वीतभर वाढली आणि तिथंच थबकली. आई, धोंडाबाई, एका शब्दाने बोलली नाही. तिने त्या वावरात जाणंच सोडलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. त्यात, इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, असं हर्षलने कुठंतरी वाचलं आणि त्याची झोपच उडाली.

मग त्याने सगळ्या सुट्ट्या त्या वावरात घातल्या. शेणखत टाकलं. ताग पेरला, फुलावर आला की गाडला. गव्हाचं काड पसरून जमीन झाकली. अशी तीन वर्षं गेली. आज तो आईला जवळजवळ ओढूनच घेऊन आला होता. इथं कांदा लावायचा की वावर कायमचं पडीक टाकायचं, ते ती म्हणेल तसं.

धोंडाबाईने काड बाजूला सारलं आणि खुरप्याने ढेकूळ काढलं. बोटांत दाबताच ते भुसभुशीत सुटलं, आणि आतून एक गांडूळ वळवळत बाहेर आलं. तिने आणखी चार ठिकाणी उकरलं. शेवटी तिने चिमूटभर माती नाकाशी नेली.

"रोप कधी टाकतो?"

हर्षलचा जीव भांड्यात पडला. तो बांधावर मटकन बसला आणि वेड्यासारखा हसत सुटला.

"मला वाटलं, शेकडो वर्षांच्या मातीचं वाटोळं केलं मी."

"शेकडो कशाची? लग्न होऊन आले तवा इथं निस्ता मुरूमच होता. तुझ्या बापानं अन् म्या तळ्यातला गाळ आणून टाकला. डोक्यावर पाट्या. बारा उन्हाळे."

हर्षलला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"आई, मग तू तेव्हा बोलली का नाही?"

"काय बोलू? रडू फुटलं असतं." तिने हात झटकले. "आता नाय फुटत. चांगली केली तू माती."

ती उताराच्या अंगाला गेली आणि टाचेने एक जागा दाबून दाखवली.

"इथं आंबा लाव. कांद्याची मुळं वरच राहत्यात. आंब्याची तुझ्या बापाच्या मातीपोतर जातील."