अठरा मिनिटं डोळे मिटून

बुरुलला त्या वर्गाचा पहिल्या दिवसापासून तिटकारा होता.

ती तेवीस वर्षांची झाल्यावर बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी निदान केलं, की पोरगी आळशी नाही, बेपर्वाही नाही. तिचं लक्षच एका जागी ठरत नाही आणि या दुखण्याला नाव आहे. नाव कळल्यावर आईला हायसं वाटलं. बुरुलला मात्र त्या नावाचं काय करायचं ते कळेना. शिवणकारखान्यातून तिला काढलं होतं ते काढलंच होतं. तीनशे झग्यांवर तिने चुकीच्या मापांच्या चिठ्ठ्या शिवल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि वर आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन वर्ग लावायला सांगितलं. अशाच तरुण पोरांना मन ताळ्यावर आणायला शिकवणारा.

शिकवणारी पेरिझात. वयाने मोठी म्हणून सगळे तिला एजे म्हणत, ताई म्हणावं तसं. ती प्रत्येक शब्द मधात बुडवून, निथळून मगच बाहेर काढायची.

"श्वास आत येतोय... येऊ दे. बाहेर जातोय... जाऊ दे."

"नाहीतर काय करू, दारात अडवू?" बुरुल माइक बंद करून पुटपुटायची.

सोबतची मंडळी तर एकेक नग. तिंचतिक नावाचा पोरगा, त्या नावाचा अर्थ शांतता, आणि पठ्ठ्या फिरत्या खुर्चीत तासभर गोल गोल फिरायचा. मेदेर नावाचा दुसरा, त्याला दर वेळी काहीतरी दिव्य दिसायचं.

"एजे, आज मला आत एक डोंगर दिसला. बर्फाचा."

बिश्केकात कुठल्याही खिडकीतून मान बाहेर काढली की बर्फाचा डोंगर दिसतो. त्यासाठी डोळे कशाला मिटायचे, असं बुरुलला वाटे. पण एजे भारावून म्हणायची, "किती सुंदर, मेदेर."

पाचव्या आठवड्यात एजेने सांगितलं, "आज अठरा मिनिटं. डोळे मिटा आणि फक्त माझा आवाज ऐका."

बुरुलने अर्ध्या मिनिटातच डोळे उघडले. पडद्यावरच्या चौकटींत बाकीचे दहा जण डोळे मिटून, तोंड किंचित उघडं टाकून बसले होते, बाजारात बर्फावर मांडलेल्या माशांसारखे. आणि अकराव्या चौकटीत पेरिझात-एजे सामसा, म्हणजे तंदुरात भाजलेला समोसा, खात होती.

आवाज चालूच होता. "मन भटकलं तर हळुवारपणे परत आणा..." आणि ज्या तोंडातून तो यायला हवा, ते तोंड सामशाच्या कोपऱ्याचा लचका तोडत होतं. बाईने ध्वनिमुद्रण लावून दिलं होतं आणि कॅमेरा बंद करायला विसरली होती. तिने हनुवटीवरचा रस्सा मनगटाने पुसला. फोन उचलला, काहीतरी बघून खुसखुसून हसली. "प्रत्येक क्षणात पूर्णपणे असा," आवाज म्हणाला. तिने दुसरा सामसा उचलला.

बुरुल जागची हलली नाही. पाय हलवला नाही, नखं कुरतडली नाहीत, फोनकडे पाहिलं नाही. अठरा मिनिटं ती एकाच गोष्टीकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच.

घंटा वाजली. एजेने घास गिळला, पाठ ताठ केली आणि पुन्हा तोच मध. "कुणाला काय जाणवलं?"

"प्रकाश," मेदेर म्हणाला.

"बुरुल, तुला?"

बुरुलने माइक सुरू केला. "सामसा. एजे, मटणाचा होता की भोपळ्याचा?"

एजेचे डोळे क्षणभर पडद्याच्या कोपऱ्यात गेले. मग ती गोड हसली. "हा एक विचार आहे, बुरुल. त्याच्याकडे पाहा आणि त्याला जाऊ दे."

"गेला की, एजे. दोन्ही गेले. तुमच्या पोटात."

"वर्गात असं बोलू नये," मेदेर म्हणाला. "तुझं मन अशांत आहे."

"तू प्रकाश बघ," बुरुल म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

दहा मिनिटांत पेरिझातचा फोन आला. आवाज अगदीच वेगळा, घोगरा आणि दमलेला. "तू रेकॉर्ड केलंस का?"

"नाही."

"सकाळपासून चौथा वर्ग होता हा. पोटात काही नव्हतं. मटणाचा होता, कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याकडचा. कुणाला सांगू नकोस गं."

बुरुलला तिची कीव यायला हवी होती, पण आली नाही. दहा जणांना डोळे मिटायला लावून जेवणारी बाई, आणि वर त्यांनाच लक्षाचे धडे! "सांगणार नाही," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी याच आवाजात बोला. तो दुसरा ऐकवत नाही."

 "बरं," पेरिझात म्हणाली.

सहाव्या आठवड्यात पेरिझात म्हणाली, "डोळे मिटा. मीही मिटते. कंटाळा येईल. आला की सांगा."

मेदेर हे ऐकूनच निघून गेला. एजेची ऊर्जा उतरलीय, असं त्याने सगळ्यांना लिहून कळवलं. बुरुलने ते वाचलं आणि फिस्सकन हसली.

"मला आला, एजे," तिंचतिक म्हणाला. सहा आठवड्यांत तो पहिल्यांदाच बोलला होता.

"मलाही," एजे म्हणाली. "अजून थोडं बसू."

बुरुल चार मिनिटं टिकली. मग तिने डोळे उघडून पाहिलं. एजे खरंच डोळे मिटून बसली होती, कपाळाला आठ्या घालून, आणि तिचा गुडघा सारखा हलत होता. या बाईलाही हे जमत नव्हतं तर. बुरुलने नाक मुरडलं आणि डोळे पुन्हा मिटले.