स्टुलाची कावीळ

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली सकाळपासून माणसांनी फुलली होती. जिन्यावर चपलांचा खच, खिडकीत माणसं, आणि मधोमध गादीवर लिफाफेबुवा. बुवा एक कोरा कागद दोन्ही अंगांनी सगळ्यांना दाखवत, लिफाफ्यात घालत आणि वरचं तोंड लाखेनं बंद करत. रोगी तो घेऊन पडद्याआड जाई आणि पोटाशी धरून बसे. परत आला की बुवा लिफाफा खालून कापत, आणि कागद निघे पिवळाधमक. कावीळ कागदात उतरली म्हणजे पोटातून गेली, असा सरळ हिशेब. फेरीगणिक पिवळेपणा फिका होत जाई आणि ज्या दिवशी कागद कोरा निघे, त्या दिवशी रोगी बरा.

रांगेत शेवटी डॉक्टरबाई उभ्या होत्या, साध्या साडीत, पदर डोक्यावरून पुढे ओढून, आणि मनातून चरफडत होत्या. त्यांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादांचा कागद कालच कोरा निघाला होता. वहिनींनी आनंदानं शेजारी पेढे वाटले आणि दादांनी रोजची गोळी बंद केली. दादांना ब प्रकारची कावीळ. ती गोळी एकदम थांबवली तर दबलेला विषाणू उसळतो आणि यकृत कामातून जातं, हे बाईंनी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. दादा म्हणाले, अगं, कागद काय खोटं बोलतो? म्हणून आज बाईंनी दादा-वहिनींना बळेच बरोबर आणून भिंतीशी उभं केलं होतं.

त्यात दुखरी गोष्ट अशी की लिफाफा हा शब्द बाईंचाच. या विषाणूच्या अंगावर लिफाफा असतो, असं त्या दवाखान्यात रोग्यांना समजावून सांगत. बुवा कधीतरी तिथल्या बाकावर बसून गेले असावेत. त्यांनी शब्द तेवढा उचलला आणि टपालाचा लिफाफा आणून दुकान थाटलं.

"शास्त्रच सांगतं, रोगाला लिफाफा असतो," बुवा ठणकावून सांगत होते. "मग रोगानं लिफाफ्यात जाऊ नये तर कुठं जावं? वरचं तोंड देवाचं, खालचं रोगाचं."

या शास्त्रावर माना डोलल्या. एक निवृत्त हेडमास्तर तर सगळ्यांत जोरात डोलत होते.

बाईंचा नंबर आला. पोटात जड वाटतं, जेवण जात नाही, असं त्यांनी तोंड पाडून सांगितलं. बुवांनी त्यांच्या डोळ्यांत पाहून सुस्कारा टाकला, कागद घातला, लाख लावली. बाई पडद्याआड गेल्या. तिथं एक लाकडी स्टूल होतं. त्यांनी लिफाफा त्यावर ठेवला आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

बाहेर आल्यावर बुवांनी लिफाफा कापला. कागद पिवळाजर्द.

"जुनाट दुखणं आहे," बुवा म्हणाले. "सात फेऱ्या लागतील."

"मला नव्हे, स्टुलाला," बाई शांतपणे म्हणाल्या. "लिफाफा मी अंगाला लावलाच नाही. स्टुलावर ठेवला होता."

मागून कोणीतरी खुसकन हसलं. बुवाही कसलेले. त्या स्टुलावर रोगी बसतात, त्यातून रोग उतरला असेल, असं त्यांनी बेलाशक ठोकून दिलं. हेडमास्तरांची मान पुन्हा डोलायला लागली, पण तेवढ्यात बाईंनी बुवांच्या हातातला लिफाफा काढून घेतला आणि वरची लाख फोडली. आतून कोरा कागद बाहेर आला. तोच, जो सगळ्यांसमोर घातला होता.

लिफाफ्याच्या पोटात एक पातळ पडदा चिकटवलेला होता. कप्पे दोन. एकाचं तोंड वर, त्यात कोरा कागद जाई. दुसऱ्याचं खाली, त्यात रंगवलेला कागद आधीच बसलेला. वरून घालायचा एक आणि खालून काढायचा दुसरा.

दादा भिंतीशी उभे होते. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मग माझा कोरा कसा निघाला?"

"तुझ्या लिफाफ्यात त्यानं दोन्हीकडे कोरेच घातले, दादा. तुझ्या यकृताला त्यानं विचारलंसुद्धा नाही."

बुवांना एवढ्यात लघुशंकेची आठवण झाली आणि ते जिना उतरले ते उतरलेच.

वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. खरा लिफाफा तरी कसा असतो, असं त्यांनी विचारलं. बाईंना त्यांच्यावर रागावणं जमेना. त्यांनी स्वयंपाकघरातलंच सांगितलं. आमटीवर तेलाचे दोन थेंब तरंगतात, जवळ आले की एक होऊन जातात. विषाणूचा लिफाफा तसाच, तेलकट पापुद्र्याचा, आणि तोही आपल्याच पेशीकडून ढापलेला. त्यावर त्याची स्वतःची प्रथिनं खोचलेली असतात. ती यकृताच्या पेशीची नेमकी कडी हुडकून धरतात. पेशी त्याला घरचा समजून आत ओढून घेते. मग पापुद्र्याला पापुद्रा मिळतो, दोन्ही एक होतात आणि आतला माल पेशीत सांडतो.

"म्हणजे आपलेच कपडे घालून आपल्याच घरात," वहिनी म्हणाल्या.

"हो. बुवांनी तेच केलं. माझा शब्द पांघरून तुमच्या घरात शिरले."

मग बाई सगळ्यांकडे वळल्या. लसीत काय असतं, हे त्यांनी सांगितलं. त्या लिफाफ्यावरचं प्रथिन तेवढं, आत विषाणू नाहीच. ते एकदा पाहिलं की शरीर खऱ्या चोराला दारातच ओळखतं. डोळ्यांना आणि मनालाही तशी ओळख करून द्यायला हवी, असं त्या म्हणाल्या. कोणी चमत्कार दाखवला तर जरूर बघा, पण नमस्कार करण्याआधी तोच प्रयोग एकदा स्टुलावर करा. खरा असेल तर त्याचं काही बिघडत नाही.

हेडमास्तरांनी खिशातला आपला पिवळा कागद काढला आणि रक्त कुठं तपासतात ते विचारलं.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "आधी माझं रक्त बघ, आणि जमत असेल तर लस टोच," त्या म्हणाल्या. मग पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून दादांसमोर धरली. फेकून द्यायला म्हणून त्यांनीच ती घेतली होती, पण हात धजला नव्हता.

दादांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. गोळी तशीच कोरडी गिळली.