लेकीला काय चालतं

त्या हॉटेलावरून मुराई तोकुजी तीन आठवडे रोज जात होते आणि रोज गाडी न थांबवता पुढे निघून जात होते. जपानातल्या इमिझू गावच्या हमरस्त्यावर एका बंद पडलेल्या दुकानाच्या जागी ते पाकिस्तानी हॉटेल नव्यानं उघडलं होतं. आजूबाजूला जुन्या गाड्यांची यार्डं. तिथले पाकिस्तानी व्यापारी दुपारी तिथंच जेवायचे. तातामीच्या चटया शिवण्यात ज्याची बोटं झिजली अशा सत्त्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं तिथं काय काम?

पण काम होतं.

एकवीस वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, चिझुरूनं, अशाच एका गाड्यांच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं आणि ती सियालकोटला गेली. तोकुजी लग्नाला गेले नाहीत. "माझ्यापुरती ती मेली," एवढंच बोलले, आणि ते बोलणं पुढं त्यांना गिळताही येईना, थुंकताही येईना. लेकीची पत्रं यायची ती त्यांची बायको फुसाए वाचायची, उत्तरंही तीच धाडायची. या हिवाळ्याच्या तोंडाशी फुसाए अचानक गेली. लेकीला येता आलं नाही. मग डिसेंबरात पत्र आलं, आणि या खेपेला पाकिटावर तोकुजींचं नाव होतं. एप्रिलमध्ये मुलीला, हानियाला, घेऊन आईच्या समाधीवर यायचंय. उतरू लॉजवर, तुम्हाला त्रास नको. एकदा घरी आलो तर चालेल का?

पत्र दोन महिने फुसाएच्या फोटोपुढं पडून होतं. या म्हणायचं नव्हतं असं नाही. पण लेक इतक्या वर्षांनी माहेरी येणार आणि तिच्या पुढ्यात काय वाढायचं हेच बापाला ठाऊक नाही. डुकराचं मांस चालत नाही, दारू चालत नाही, एवढं ऐकून होते. सुपरमार्केटात उभं राहून, चष्मा लावून त्यांनी बाटल्यांवरचे कागद वाचले. स्वयंपाकात घालायच्या गोड मिरिनमध्ये दारू, सोयाबीनच्या मिसोच्या डब्यात दारू, सोया सॉसमध्येसुद्धा दारू. घरातल्या बाटल्या एकेक करून नापास होऊ लागल्या.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी त्यांनी बर्फाच्या ढिगाला चिकटून गाडी लावली आणि आत गेले.

सगळ्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागले. मालक इफ्तिखार चीमा पन्नाशीचा, पोट सुटलेला, इथं पंचवीस वर्षं काढलेला. त्याची जपानी इथल्या कोळ्यांसारखी रांगडी होती. तोकुजींनी मेनूतल्या एका चित्रावर बोट ठेवलं. मटणाचा रस्सा, डाळ आणि ताटाबाहेर लोंबणारा नान आला. त्यांनी चमच्यानं रस्सा तोंडात घातला. आधी काही वाटलं नाही, मग कानशिलं तापली, नाक वाहू लागलं. पलीकडच्या टेबलावरचा माणूस नानचा तुकडा तोडून रस्सा टिपत होता. तोकुजींनी चमचा ठेवला आणि तसंच करून पाहिलं. बरं जमलं. न मागताच चीमानं दह्याची वाटी आणून ठेवली.

"झेपतंय का, काका?"

"झेपेल," तोकुजी म्हणाले. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर घरातल्या बाटल्यांची नावं लिहून आणली होती. "यातलं तुम्हा लोकांना काय चालतं?"

चीमानं कागद वाचला. हसू आलेलं त्यानं दाबलं. कुणासाठी, असं विचारलं. तोकुजींनी आधी पाहुण्यांसाठी म्हटलं, मग लेक म्हटलं, मग सियालकोट, मग उत्तर न दिलेलं पत्र. चीमा खुर्ची ओढून समोर बसला. त्याचं गाव वजीराबाद, तिथून तासाभरावर. एकेका नावावर तो काट मारत गेला, दोनच राहिली. बिनदारूचा सोया सॉस आपल्याकडं मिळतो म्हणाला. मासा, अंडी, भाजी, भात. काही अडत नाही.

"ती माझ्याकडं जेवेल का, हे मात्र तुम्हाला सांगता येणार नाही," तोकुजी ताटाकडं बघत म्हणाले.

चीमानं कागद घडी घालून परत दिला. "माझा बाप माझ्या लग्नाला आला नव्हता. बायको इथली, ताकाओकाची. नऊ वर्षांनी आला. जेवला आणि म्हणाला, मीठ कमी आहे. बायको रागावली. मी मात्र मोरीत जाऊन रडलो." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "तिकडं आता सकाळचे सव्वानऊ. घरात निवांत असतं सगळं. पत्र कशाला लिहिता, फोन करा."

तोकुजींनी बिल दिलं आणि गाडीत जाऊन बसले. फुसाएच्या वहीतून उतरवलेला लेकीचा नंबर महिनाभर पाकिटात होता. लावताना दोनदा चुकला. तिसऱ्यांदा घंटा वाजली आणि एका बाईचा आवाज परक्या भाषेत काहीतरी म्हणाला. आवाज फुसाएसारखा होता.

काय बोलायचं ते त्यांनी ठरवलंच नव्हतं.

"मासा चालतो ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

पलीकडं श्वास ओढल्याचा आवाज आला.

"चालतो, बाबा."

"मग लॉज नको. घरीच उतरा."

ती रडत होती की हसत होती, कळेना. दोन्ही असावं. जरा वेळानं सावरून ती म्हणाली, "हानिया मासा खात नाही हो. वासच सहन होत नाही तिला."

"मग काय खाते?"

"उदोन. मी करते ना घरी, आईसारखे. तेच मागते सारखी."

तोकुजी "थांब," म्हणाले. उदोनच्या जाड शेवयांच्या रश्शात सोया सॉस आणि मिरिन दोन्ही पडतं, त्याचं चीमाला विचारायचं राहिलंच होतं. फोन तसाच हातात धरून, बर्फावरून पाय जपत ते पुन्हा हॉटेलात गेले.