लोट्यातले पाणी

मित्रांनो, चुलीवर पालथे घातलेले जे काळेभोर मडके तुम्हांला टाकाऊ वाटेल, ते मी. मला खापर म्हणतात. माझ्या पालथ्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात. स्वभावाने मी संशयी आहे, आणि त्याला कारण आहे. काहीही बिघडले की माणसे विचारतात, "खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचे?" ज्याचे नावच असे वापरले जाते, त्याने माणसांवर विश्वास कसा ठेवावा?

भडगावच्या उखर्डू कुंभाराने गिरणा नदीकाठची माती चाळून, तुडवून मला घडवले. बाजारात एका बाईने मला वाजवून पाहिले आणि घरी नेले. ती भागाबाई. पाचोऱ्याच्या एका जिनिंग कारखान्यात ती यंत्रात कापूस घालत असे. कापसाची धूळ छातीत बसली, खोकला सुटेना, तेव्हा तिने ते काम सोडले आणि माहेरी शिकलेले मांडे लग्नाघरी करून देण्याचे ठरवले. तिचे राठ तळवे पाहून मी मनात म्हटले, ही मला पहिल्याच दिवशी फोडणार.

तसे झाले नाही. आधी मंद आच, मग भर जाळ, या क्रमाने तिने मला तापवले. मांडा हातावर फिरवून वाढवताना ती शेजारच्या लोट्यातल्या पाण्याने हात ओला करी. मांडा कोपरापर्यंत पसरे, पण फाटत नसे. वाहवा झाली, आणि वाहवेपाठोपाठ कुजबुजही आली.

"त्या लोट्यामा काहीतरी शे. नही ते इतला पातळ मांडा व्हई का?"

"जिनमातून काय शिकी वनी, कोन जाने!"

फैजपूरला काँग्रेस भरली त्या वर्षी प्रमिला तिच्याकडे शिकायला आली. नवऱ्यामागे ती दिराच्या घरात दिवस काढत होती. तिच्या मागोमाग आणखी दोघी आल्या. मला हे पटेना. आपल्या पोटाची विद्या कोणी अशी वाटते का? यात भागाबाईचा काही डाव असावा, असे मला वाटत राहिले.

पुढे गावातल्या यशोदाबाईंच्या नातीच्या लग्नात प्रमिला प्रथमच माझ्यासमोर बसली. भागाबाई मागे होती. दिराने प्रमिलेला बजावले होते, हे काम जमले नाही तर पुन्हा कामासाठी घराबाहेर पडायचे नाही.

पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा माझ्या पाठीवर येता येता चिरला, पुरण जळाले, धूर झाला. बायका पुढे सरकल्या.

"खापर तडकेल व्हई," यशोदाबाई म्हणाल्या, "नही ते हिना हातच खोटा शे. भागा, तू बठ बरं."

भागाबाई बसली नाही. तिने कणीक ओढून पाहिली. मग लोट्यात बोट बुडवून जिभेला लावले.

"पानी अळणी शे. मीठनं पानी कोनी फेकं?"

मला तर प्रत्येकीचाच संशय आला. अखेर यशोदाबाईंनी पदर सावरला.

"मी फेकं. लगनघर शे, माय. मंतरेल पानी व्हतं का काय, माले काय ठाव? आडनं पानी भरी ठेवं."

"मीठना पानीनं कणीक तुटत नही, अक्का. इचारं का नही?"

"इचारतू, ते तू खरं सांगती का?"

मांडवात हसू फुटले. भागाबाईही हसली. "मन्हावर इसवास नका ठेवा. तुम्हना घरनं मीठ, तुम्हना हात. टाका."

यशोदाबाईंनी आपल्या घरातले मीठ आणले, लोट्यात टाकले, ढवळले, चाखले. मग प्रमिलेच्या गुडघ्याला गुडघा लावून पहारेकऱ्यासारख्या बसल्या. भागाबाई मात्र प्रमिलेकडे पाठ करून बसली. उद्या कोणी म्हणायला नको की हात भागाचा होता.

प्रमिलेने तळवा ओला केला. मांडा मनगटावर आला, कोपराकडे सरकला. माझी पाठ तापून तयार होती. तो अलगद उतरला, फुगला, भाजला. यशोदाबाईंनी तो उजेडाकडे धरून सगळीकडून पाहिला. भोक सापडले नाही.

"वैशाखमा धाकलीनं लगन शे," त्या म्हणाल्या. "हिलेच धाडजो. पन मीठ मीच टाकसू."

भागाबाईने तेव्हाच मान वळवून पाहिले.

मित्रांनो, संशय आला तर खुशाल घ्या. मी आजही घेते. पण दुसऱ्याच्या कष्टाचे पाणी ओतून देण्याआधी, एकदा बोट बुडवून चाखून पाहा.