बर्फाखालचा फोन

आनंदीने लेकाचा मोबाइल बर्फाच्या पेटीत पापलेटांच्या मधोमध खुपसला, झाकण लावलं आणि वर बसली.

असं काही घडलेलं नाही. घरात तसं ठरलंय. धीरजचा फोन पाण्यात पडला, आणि सातपाटीत पाण्यात काय पडत नाही? आनंदीचा आधीचा फोन तर खरोखरच बंदरावर पडला होता. म्हणून धीरजने तिला नवा फोन आणि नव्या नंबरचं सिम आणून दिलं, जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर भरून दिले. तेव्हापासून एकाही गिऱ्हाइकाने तिचा फोन उचलला नव्हता.

रोज सकाळी बोइसरच्या कॉलनीत फोन लावायचे, आज काय आलंय ते सांगायचं, कुणाला काय हवं ते विचारायचं आणि मग टोपली भरायची, हा तिचा धंदा. आता नुसती रिंग वाजायची, नाहीतर मधेच तुटायची आणि मासळी टोपलीत मऊ पडून घरी परत यायची. शेवटी आज ती थेट वैष्णवीच्या दारात जाऊन उभी राहिली. वैष्णवीच्या घरची सुरमई कायम आनंदीकडची.

“काय गो बाय, माझ्या मासळीला वास येतो काय?”

“अहो मावशी, तुमचा फोन आलाच कुठे?”

आनंदीने तिथेच उभ्या उभ्या लावला. वैष्णवीच्या हातातल्या फोनवर नाव उमटलं : ‘कटकट, उचलू नको’.

“अगंबाई, हा तुमचा नंबर? मी रोज कट करतेय!”

“माझं नाव आनंदी हाय.”

“नाव दाखवणारं अ‍ॅप आहे हे, मावशी. ज्याच्या फोनात असतं, त्याच्याकडची सगळी नावं, नंबर कंपनीकडे जातात. त्याने तुमचं जे नाव लिहिलं असेल, तेच मग सगळ्यांना दिसतं.”

“माझ्या फोनात नाय हे.”

“तुमच्या फोनात असायला लागत नाही.”

“मंग मला इचारलं कोणी?”

“तुम्हाला कशाला विचारतील?” वैष्णवीला खरंच आश्चर्य वाटलं.

परतीच्या बसमध्ये शेजारचा माणूस वासाबद्दल काहीतरी बोलणार होता. आनंदीचं तोंड पाहून तो खिडकीबाहेर पाहू लागला आणि सातपाटी येईपर्यंत पाहतच राहिला.

धीरज नुकताच त्याच्या कंपनीतल्या पाळीवरून येऊन जेवायला बसला होता. सगळं ऐकून तो ताटावरून अर्धा उठला.

“कोण हरामखोर तो? नाव सांग, आये. तंगडी तोडतो त्याची!”

“बस. आधी जेव.” तिने त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. “माझा नवा नंबर तू कोणाकोणाला दिला?”

“कोणाला देणार? अजून कोणालाच नाय. एक माझ्याकडं...”

घास तोंडातच थांबला.

“कंपनीत फोन आत नेऊ देत नाय, म्हणून माझा उचलत नाय, असं बोलला होतास.”

आनंदीने आपल्या फोनवरून त्याला फोन लावला. ताटाशेजारी त्याचा मोबाइल उजळला. तिने वाकून आपलं नाव मोठ्याने वाचलं, शाळेतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर सुटं करत.

मग जे घडलं नाही ते घडलं.

“माझा फोन घे,” पेटीवर बसून ती म्हणाली. “त्या अ‍ॅपवाल्या कंपनीला अर्ज लिही. चांगल्या भाषेत.”

“आये, मी आत्ता बदलतो ना नाव. उठ, फोन दे.”

“लिही.”

“असले अर्ज तिथं कोण वाचत नाय गो.”

“तू तरी वाचशील.”

खालून, बर्फातून, बारीक रिंग येऊ लागली. कोणी उचलला नाही. धीरजने हात धुतले, तिचा फोन घेतला आणि ती सांगेल तसं लिहू लागला :

‘महोदय, अर्जदार मासे विकते. तिचे नाव आनंदी. आपल्या यादीत तिचे जे दुसरे नाव आहे, ते काढावे. तसेच ज्या मुलाने ते लिहिले, त्याच्या डोक्यातूनही ते कायमचे काढून टाकावे आणि काढल्याचे अर्जदारास लेखी कळवावे, ही नम्र विनंती.’