तोटा कुणाचा

पितळी कुलपाची कडी बाबांनी दोनदा लावली, दोनदा उघडली, आणि तिसऱ्यांदा ती अडकून बसली तेव्हा ते चक्क खूश झाले – "बघ, हे आपल्या गावचं. शेजारच्या देशातलं असं रुसत नाही."

तिने चहा पुढे सरकवला. जेवणाच्या टेबलावर पक्षाच्या जाहीरनाम्याचा मसुदा पसरलेला, आणि सकाळ इतकी साधी की तिने ती नीट पाहिलीसुद्धा नाही... माणूस उद्या नसणार असेल तर आदल्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसायला हवं, असं आता वाटतं. तेव्हा दिसला तो फक्त कानामागे राहिलेला दाढीचा साबण.

व्यापाराचं पान नेहमी बाबांचं. आयुष्यात एक दिवस शिकवलं नव्हतं, तरी पक्षात सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण प्रत्येक आश्वासनाखाली ते एक ओळ घालायला लावत – यात तोटा कुणाचा. आणि छापण्याआधी ज्यांचा तोटा त्यांच्यासमोर ती ओळ ते स्वतः वाचून दाखवत. 'मास्तरांची रडकी ओळ', लोक हसत. प्रचाराचा मजकूर सजवणं हे तिचं काम, तीही हसे.

या खेपेला पक्षाला आश्वासन हवं होतं – शेजारच्या देशाचा माल सीमेवरच रोखू. "रोखा की," बाबा म्हणाले होते, "पण पितळेचा पत्राही तिकडूनच येतो. मग कुलपं काय पुठ्ठ्याची करणार?" त्यांनी लिहिलं: व्यापार चालू ठेवू, कारखान्यांना नव्या यंत्रांसाठी मदत करू. आणि खाली – तोटा लहान कारखान्यांचा, पहिली काही वर्षं.

त्याच दुपारी बाबा तिला घेऊन कुलूपवाल्यांच्या गल्लीत गेले. बाबांनी ओळ वाचली. यंत्रं थांबली.

"मास्तर, मत मागायला आलात की मयताची खबर द्यायला?" एक कारखानदार म्हणाला.

"दोन्ही," बाबा म्हणाले, आणि गल्ली हसली – मनाविरुद्ध, पण हसली. मग तासभर शिव्या, प्रश्न, पुन्हा शिव्या. निघताना किल्ल्या घासणारी एक म्हातारी म्हणाली, "मत देईन असं नाही हं. पण पुढच्या खेपेला असं दारात उभं राहू नका, आत येऊन बसा."

परतताना तिच्या मनात काहीतरी भरून आलं होतं, अगदी ओठांवर... आणि ती म्हणाली काय, तर, "बाबा, सकाळपासून कानामागे साबण आहे तुमच्या." ते रुमालाने कान पुसत राहिले. पहाटे ते उठलेच नाहीत.

आणि आज ही पक्षाची बैठक. तोच मसुदा, तीच माणसं. सरचिटणीस हळू आवाजात म्हणतात, "ताई, मास्तरांची जागा कुणी घेऊ शकत नाही. पण ती ओळ आता काढू या. बाकीचे पक्ष साखर वाटत फिरताहेत, आपणच काय काढा पाजायचा?"

सगळे तिच्याकडे पाहतात. ती मान हलवेल, वाक्य गोड करून देईल – आजवर तेच केलंय. आणि नेमकं आत्ता तिला दिसतं, जे त्या दुपारी दिसूनही तिने बाजूला सारलं होतं: वाचताना बाबांच्या हातातला कागद थरथरत होता. म्हणजे ते निर्ढावलेले नव्हते. त्यांना दर वेळी भीती वाटायची, दर निवडणुकीत, दर दारात... आणि तरी ते जायचे. हे कळताच तिच्या छातीतलं काहीतरी सैल होतं. दुःख नव्हे, दुःख तिथेच आहे, पण त्याला आता पाठीचा कणा आहे.

"ओळ काढायची असेल तर ते त्या गल्लीत जाऊन सांगावं लागेल," ती म्हणते. "कोण येतंय माझ्याबरोबर?"

सगळे मसुद्याकडे पाहू लागतात. तिचा आवाज कापतो. ती तो कापू देते.

"या खोलीत माझे वडील सगळ्यात धीट होते. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. त्यांना मी हे कधीच सांगितलं नाही."